एकदा त्याने, दोनदा तिने

त्याने पोथीचं पान अगदी वेळेवर उलटलं. फक्त ते पान भलतंच होतं.

आमच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती. वडील रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, क्वार्टर सोडून आम्ही स्वतःच्या घरात आलो होतो, आणि आईचं म्हणणं होतं की गुरुजी मराठीच हवेत. झाशीत मराठी गुरुजी शोधायला लांब जावं लागत नाही, कारण शोधण्याइतके ते उरलेलेच नाहीत. ओरछा गेटच्या आतल्या एका गल्लीत जुनं पुरोहिताचं घर आहे, तिथले काका आमच्याकडे नेहमी यायचे. त्या दिवशी त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी पुतण्याला पाठवलं. पुतण्या बीएच्या दुसऱ्या वर्षाला. आवाज असा, की एक अक्षर न कळणारे शेजारीसुद्धा दारात येऊन बसले.

माझा पूजेवर विश्वास नाही. हे मी घरात स्वच्छ सांगितलेलं आहे. आई म्हणाली, "विश्वास नसू दे, ताम्हन धर." म्हणून मी ताम्हन धरून त्याच्या शेजारी बसले, आणि दुसरं काही करायला नसल्यामुळे त्याच्या पोथीत डोकावले. चौथा अध्याय चालला होता, व्यापाऱ्याची नाव बुडण्याचा. पोथी उघडी होती आरत्यांच्या पानावर. त्याचं बोट ओळींवरून नीट सरकत होतं. मग त्याने बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. पुढे छापखान्याच्या इतर पुस्तकांची जाहिरात होती. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. जाहिरातीवरून बोट फिरवत त्याने नाव बुडवली आणि तशीच वरही आणली.

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. मला आलं नाही, कारण माझं कामच ते आहे. आम्ही चार जण मिळून कॉलेजातल्या अपंग विद्यार्थ्यांसाठी भांडतो. मी पत्रकं लिहिते. ज्यांचं अपंगत्व दिसत नाही, त्यांच्यासाठी लिहिलेली पत्रकं लोक सगळ्यात आधी फेकतात, हे मला पाठ आहे.

प्रसादाचा शिरा देताना मी त्याला विचारलं. आडून विचारणं मला जमत नाही.

"तुला वाचता येत नाही का?"

त्याने आधी खोलीत आई आहे का ते पाहिलं. नव्हती. मग वाटी खाली ठेवली.

"येतं. पण एक पान वाचून होईतो वर्ग सुटलेला असतो. आणि खालच्या ओळीला पोचलो की वरची गेलेली असते. ऐकलेलं जात नाही, ताई. ऐकलेलं एकदा आलं की आलं."

"आणि लिहिणं?"

"लिहिणं त्याहून वाईट." तो थोडा हसला. "माझं लिहिलेलं मलाच वाचून दाखवायला माणूस लागतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेत तोंडी विचारलं की हा पहिला, वह्या तपासल्या की हाच मार खाणारा. मास्तरांनी त्यावर निष्कर्ष काढला होता: पोरगा हुशार आहे, आळशी आहे. बारावीपर्यंत तो असाच सरपटत आला. कॉलेजात तोंडी कुणी काही विचारतच नाही. इतिहासाचा पेपर त्याचा दोनदा गेला होता. आता शेवटची संधी होती. तीही गेली की कॉलेजातून नाव कमी.

"मग काय करशील?"

"मग काय, काकांचे यजमान मला. पूजा सांगायला मला काही वाटत नाही हं, आवडतं मला. पण जन्मभर हे असं," त्याने हवेतच पान उलटलं, "शेजारी बसलेला माणूस बघेल म्हणून घाबरत उलटत बसायचं. मला इतिहास शिकवायचाय. वर्गासमोर उभं राहून. समोर काही उघडं न ठेवता."

मी त्याला आमचं पत्रक दिलं. त्याने ते उलटंसुलटं पाहिलं आणि परत केलं.

"हे माझ्यासारख्यांसाठीच आहे ना?"

"हो."

"मग वाचून दाखवा."

पत्रक मीच लिहिलं होतं. दोन्ही बाजूंनी गच्च, बारीक अक्षर, कागद वाया जाऊ नये म्हणून समासही न सोडलेला. मी मुकाट्याने वाचून दाखवलं. शेवटी तो म्हणाला, "चांगलं आहे. फक्त ते 'मेहरबानी नको, हक्क हवा' दोनदा आलंय."

आलं होतं. ते छापण्याआधी आम्ही चौघांनी तपासलं होतं.

इथे मला थोडं पत्रकासारखं लिहू द्या, नाहीतर माझं पोट दुखेल. कॉलेजात दर वर्गात असा एक तरी असतो. शेवटच्या बाकावर बसतो, बाईंनी वाचायला सांगितलं की घसा बसल्याचं नाटक करतो. आमच्याकडे गरौठ्याहून शिकायला आलेली एक मुलगी होती. निबंध सुंदर लिहायची, आकडे मात्र तिच्या हातात जागच्या जागी राहत नसत. कुणी विचारलं नाही, तपासलं नाही. 'अभ्यासात मन नाही' असं सगळ्यांनी ठरवलं, आणि ती एक दिवस सामान बांधून गावी गेली. तिचं मन अभ्यासातच होतं. तिच्याकडे बघायला कुणाचं मन नव्हतं. कायद्यात आता या अडचणीचं नाव आहे. वाचून दाखवणारा माणूस, लिहून घेणारा माणूस, जादा वेळ, सगळं कागदावर आहे. कागद वाचता न येणाऱ्यांचे हक्क कागदावरच ठेवायची युक्ती ज्याला सुचली, त्याला मी एकदा भेटणार आहे.

असो.

तपासणी आणि प्रमाणपत्र यांच्यासाठी घातलेले खेटे मी सांगत नाही. ते मिळालं. ते घेऊन आम्ही कॉलेजच्या कार्यालयात गेलो. तिथले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, चष्म्यावरून त्याला नखशिखान्त बघत म्हणाले, "लड़का तो भला-चंगा है, बिटिया." पुढचं बोलणं हिंदीतच झालं, मी मराठीत लिहिते. चीड दोन्ही भाषांत सारखीच येते.

"धडधाकट आहे म्हणूनच तुमच्यापर्यंत चालत आला, बाबूजी."

"आम्ही आंधळ्या मुलांना लेखनिक देतो. याला दिसतं की."

"दिसतं. तुम्हालाही दिसतं. तरी या अर्जावर काय लिहिलंय ते तुम्ही अजून वाचलेलं नाही."

बाबू दुखावले. मला वाटलं, संपलं आता. पण तो मागून नम्रपणे म्हणाला, "बाबूजी, ताई अशाच बोलतात. घरीसुद्धा." बाबूंना हसू आलं आणि शिक्का पडला. माझ्या पत्रकांनी जे होत नाही ते त्याच्या एका वाक्याने झालं, याचा मला थोडा रागच आला.

लेखनिक म्हणून जी मुलगी मिळाली, ती बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची, मोठ नावाच्या गावाहून रोज बसने येणारी. नियमच तसा आहे: लिहिणारा खालच्या वर्गातला हवा, आणि विषय दुसरा हवा. म्हणजे त्याने उत्तर सुचवायला नको. तिला इतिहासातलं काही येत नव्हतं आणि ते ती अभिमानाने सांगायची. हात मात्र भराभर चालणारा. पहिल्या दिवशी तिने त्याला विचारलं, "भैया, तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे ना? मग काय, तुम्ही बोला, मी लिहिते. तासाभरात मोकळे."

सराव आमच्या संस्थेच्या खोलीत सुरू झाला. मी प्रश्न वाचला. त्याने डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि उत्तर सुरू केलं. झऱ्यासारखं. मुद्दे बरोबर, क्रम बरोबर, सनावळी बरोबर. मुलगी लिहीत होती, लिहीत होती, मग म्हणाली, "रुको भैया."

तो थांबला. तिने ओळ पुरी केली आणि मान हलवली. त्याने डोळे मिटले आणि उत्तर पहिल्या शब्दापासून सुरू केलं.

"हे झालं की लिहून," ती म्हणाली.

"हो. हो." तो पुन्हा थांबला. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा पहिला शब्द.

आम्हाला वाटलं, पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिने हात वर केला की त्याची गाडी मागे. वेगाने बोलला तर तिला लिहिता येईना, हळू बोलला तर त्याचाच धागा तुटे. एका प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात तिच्याकडे तीन वेळा लिहून झाली, आणि शेवट एकदाही नाही. तिने पेन आपटलं.

"भैया, तुम्ही अजब गाडी आहात. जिथे साखळी ओढावी तिथून परत झाशी जंक्शनलाच."

तो हसला, पण कान लाल झाले होते. मी मध्ये पडले, आणि मी मध्ये पडते तशीच पडले. "तुला मधून सुरू करता येत नाही? कुणी शिकवलं तुला हे?"

"काकांनी," तो म्हणाला. "संथा घेताना मध्ये अडलं की पहिल्यापासून. मधून उचलायचं नाही. लहानपणापासून तेच. मध्ये थांबलं की आपोआप मागे जातो मी, ताई. मी नाही जात, ते जातं."

संथा म्हणजे गुरूने म्हणायचं आणि शिष्याने ऐकून ऐकून पाठ करायचं. समोर पुस्तक नाही, हातात पेन नाही. ज्या पद्धतीने त्याला आजवर तारलं होतं, तिनेच आता त्याला धरून ठेवलं होतं. परीक्षा जवळ येत होती, आणि परीक्षेच्या खोलीत तो असाच पहिल्या शब्दावर परत परत गेला असता तर वेळ संपेपर्यंत तिथेच राहिला असता.

मी ठरवलं, काकांशी बोलायचं. त्याने नको म्हटलं. घरी अजून कुणाला काही माहीत नव्हतं. लेखनिक, प्रमाणपत्र, काहीच नाही. मी म्हटलं, लपवून हक्क मिळत नसतो. हे वाक्य मी एका पत्रकात लिहिलं होतं, त्यामुळे ते माझ्या तोंडात तयार होतं.

ओरछा गेटच्या त्या गल्लीत दुचाकीसुद्धा जपून न्यावी लागते. घर साधं, स्वच्छ, दोन खोल्या पुढे नि एक मागे. काका पलंगावर पाय पसरून, गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. त्यांनी मला ओळखलं. "या, या. रेल्वेवाल्यांची कन्या. बस गं. चहा टाका कुणीतरी."

मी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. याला वाचायला फार कष्ट पडतात, ही जन्मजात अडचण आहे, याच्या बुद्धीत काही खोट नाही, आणि हा तुमच्यासमोर इतकी वर्षं पोथी वाचल्याचं नाटक करतो आहे.

काकांचा हात गुडघ्यावरच थांबला.

"याच्यासारखा पाठ या गावात कुणाचा नाही," ते म्हणाले. "आणि तू म्हणतेस, याला वाचता येत नाही."

"दोन्ही खरं आहे, काका."

ते पुतण्याकडे वळले. "मग पानं कशी उलटायचास रे? मी शेजारी असायचो."

"तुमचं बघून," तो म्हणाला. मान खाली. "तुम्ही ज्या शब्दाला बोट ओलं करता, तो शब्द मला पाठ आहे."

मी भांडायच्या तयारीत होते. मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यांची गरज पडली नाही.

"मूर्खा," काका म्हणाले, पण आवाजात धार नव्हती. "मी कुठे वाचतो. मला काय लागते पोथी? मीही उगीच उलटतो. यजमानाला बरं वाटतं, पुस्तकातलं सांगतोय म्हणून. कधीकधी दोन पानं चिकटलेली असतात, तशीच जातात."

पुतण्याने मान वर केली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग दोघांनाही हसू आवरेना. मागच्या खोलीतून त्याची आई चहा घेऊन आली आणि काय झालं म्हणून विचारत राहिली. तिला कुणीच सांगू शकेना.

हसणं संपल्यावर काका गंभीर झाले. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं. "मला सांगायचंस रे," एवढंच ते म्हणाले, आणि पुन्हा तेल चोळायला लागले. मधून उचलायचं कसं, यावर मात्र त्यांच्याकडे काही उपाय नव्हता. "मधून उचलायचं नसतंच," ते म्हणाले. "तसा आमच्यात प्रघातच नाही."

मी तिथून निघाले ती आणखी वैतागून. पण तो त्या दिवसानंतर बदलला. घरी कळलं होतं आणि आभाळ कोसळलं नव्हतं. पुढच्या सरावाला तो नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून, शिष्याच्या बैठकीत बसला नाही. मुलीसमोर बसला.

"आज तू म्हण," त्याने तिला सांगितलं.

"मी काय म्हणू? मला येतं काय?"

"मी एक तुकडा म्हणतो. तू तो दोनदा म्हण. मोठ्याने. म्हणत म्हणत लिही. दोनदा म्हणून झाल्याशिवाय मी पुढचं म्हणणार नाही."

"म्हणजे मी चेला?"

"चेला."

"दक्षिणा बिक्षिणा मिळायची नाही हं, आधीच सांगते."

त्याने एक तुकडा म्हटला. तिने तो दोनदा म्हटला आणि लिहिला. त्याने पुढचा म्हटला. तिने तोही दोनदा म्हटला, एका शब्दाला अडखळली, त्याने शांतपणे तो शब्द पुन्हा दिला आणि पुढे गेला. मागे गेला नाही. मध्येच तिच्या पेनातली शाई संपली, तिने पिशवीत दुसरं पेन शोधलं, तेवढा वेळ तो तिच्याकडे बघत बसून राहिला. पेन मिळालं, आणि त्याने नेमका पुढचा तुकडा दिला.

"हे कसं काय?" मी विचारलं.

"संथा घेणाऱ्याने चुकलं की मागे जायचं असतं, ताई. देणाऱ्याने नाही. देणारा थांबतो. समोरच्याचं होईपर्यंत थांबायचं, हेच त्याचं काम. काका नाही का थांबत, धाकटी पोरं अडखळली की? मी आजवर घेणाराच होतो."

आणखी एक झालं. तुकड्या-तुकड्यांनी, समोरच्या माणसाला कळतंय का हे बघत सांगायचं म्हटल्यावर त्याचं नुसतं पाठांतर उरलं नाही. मुलगी मध्येच विचारायची, "पण का?" आणि त्याला 'का' सांगावं लागायचं. तिला इतिहास आवडायला लागला होता. ते ती मान्य करत नव्हती, तो भाग वेगळा.

आता नवी अडचण. हे सगळं मोठ्याने व्हायचं. परीक्षेच्या हॉलमध्ये मोठ्याने बोलता येत नाही, आणि स्वतंत्र खोली कॉलेज देत नव्हतं. त्यात बोलणार कोण, तर लेखनिक. बघणाऱ्याला वाटणार, तीच उत्तर सांगते आहे. परीक्षेची जबाबदारी ज्या मॅडमकडे होती, त्या इतिहासाच्याच होत्या. त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाल्या.

"उत्तरं लिहिणारी मुलगी परीक्षेत बोलते आहे, हे मी वर काय म्हणून सांगू?"

मी पत्रक काढलं. नवीन होतं, अक्षर मोठं केलं होतं, समासही सोडला होता. उद्या कॉलेजच्या दारात वाटणार होते. त्याने माझा हात धरून ते परत पिशवीत ठेवलं.

"मॅडमजी," तो म्हणाला, "एकदा ऐकता का?"

मॅडमनी मोबाइलकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "अभ्यासक्रमाबाहेरचं विचारीन."

"विचारा."

"झाशीतून रेल्वे जायला लागल्यावर आसपासच्या बाजारपेठांचं काय झालं असेल?"

पुस्तकात हे उत्तर नव्हतं. म्हणजे संथाही नव्हती. त्याने मनाशी मुद्दे जुळवले. मग एक तुकडा म्हणाला. मुलीने तो दोनदा म्हटला, मॅडमच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर लिहीत. मालाची वाट बदलते. वाट बदलली की मुक्कामाच्या जागा बदलतात. ज्या गावात गाड्या थांबत नाहीत, तिथल्या व्यापाऱ्याला स्टेशनापाशी दुकान हवंसं वाटतं. त्याने मोठचं उदाहरण दिलं, मुलीने लिहिता लिहिता मान वर करून म्हटलं, "हमारा मोठ?" आणि तो म्हणाला, "हे लिहू नकोस." मॅडम हसल्या. मध्ये शिपाई काही विचारायला आला, त्यांचं बोलणं झालं, तो गेला. मुलाने पुढचा तुकडा दिला.

मॅडम कागद वाचत राहिल्या. "हे रटलेलं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मला म्हणायचं होतं, म्हणजे बाकीच्या तीनशे पोरांचं रटलेलं चालतं तुम्हाला. मी म्हटलं नाही. त्या दिवसातला माझा तेवढाच संयम.

खोली मिळाली. खेळाच्या सामानाची होती. कोपऱ्यात बॅडमिंटनच्या फाटक्या जाळ्या, हवा गेलेले चेंडू, आणि मध्ये दोन खुर्च्या, एक टेबल. दारात एक पर्यवेक्षक. खोलीची एकुलती एक झरोक्यासारखी खिडकी सायकल स्टँडच्या बाजूला उघडायची. पेपरच्या दिवशी मी सायकल स्टँडवर कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून होते. ऊन असं, की सीटवर रुमाल टाकून बसावं लागलं.

आतून आवाज येत होते. त्याचा एकदा. तिचा दोनदा. शब्द सगळे कळत नव्हते, पण ताल कळत होता. उत्तराची सुरुवात मात्र मी नीट ऐकली होती: पहिला शब्द 'सन' होता आणि पुढे साल. एकदा तो, दोनदा ती. बाहेर झाडाखाली चहावाला ऐकून म्हणाला, "आत काय भजन चाललंय का?"

मग तिसरा आवाज आला. मोठा, वरच्या पट्टीतला.

"ये क्या हो रहा है? लड़की क्यों बोल रही है?"

विद्यापीठाचं तपासणी पथक आलं होतं. पर्यवेक्षक काहीतरी समजावू लागला. समोरचा माणूस ऐकत नव्हता. कागद ओढल्याचा आवाज आला. मी मोटारसायकलवरून उतरले होते. पिशवीत पत्रकं होती. मग मॅडमच्या चपला व्हरांड्यातून घाईने आल्या, आणि त्यांचा आवाज, शांत, एकेक नियम सांगणारा. बराच वेळ. इतका वेळ, की मी मनात आशा सोडायला लागले. एवढ्या मोठ्या खंडानंतर कुणाचाही धागा तुटला असता, आणि याची तर गाडी साखळी ओढली की परत जंक्शनला. आता तो 'सन' म्हणणार, मी वाट बघत होते. 'सन' म्हणाला की संपलं. उरलेल्या वेळात ते उत्तरच पुरं झालं नसतं, पुढची तर राहू द्या.

"ठीक है," तो तिसरा आवाज म्हणाला. "बोलो, जो बोल रहे थे. हम भी सुनें."

चहावाल्यानेही पातेल्यावरचा चमचा थांबवला, का थांबवला ते त्याला माहीत नव्हतं.

"और इसीलिए," त्याचा आवाज आला.

"और इसीलिए," ती म्हणाली. "और इसीलिए."

मग पुढचा तुकडा. मग त्याच्या पुढचा. तिसरा आवाज पुन्हा आला नाही. थोड्या वेळाने जड बुटांची पावलं व्हरांड्यातून निघून गेली. मी परत मोटारसायकलवर बसले. मोटारसायकलवाला येऊन उभा होता, त्याला मी म्हटलं, "भैया, पेपर सुटेपर्यंत बसू द्या." त्याने बसू दिलं.

तो पास झाला. नेत्रदीपक वगैरे काही नाही. लोकांना अशा गोष्टीत पहिला नंबर लागतो. साधा पास झाला, इतर हजारो पोरं होतात तसा, आणि मला विचाराल तर मुद्दा तोच होता. तिसऱ्या वर्षाला त्याला खोली मागावी लागली नाही, खेळाच्या सामानाच्या खोलीतून जाळ्या आधीच हलवून ठेवलेल्या होत्या. मोठच्या मुलीने बीएस्सी सोडून बीए घ्यावं का, असा तिच्या घरी वाद चालू आहे, आणि त्यात तिचे वडील मला दोष देतात.

हे सगळ्यांना लागू पडेल, असं मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. गरौठ्याच्या मुलीला संथेचा काही उपयोग झाला नसता. तिला दुसरंच काहीतरी लागलं असतं, आणि ते काय हे तिला विचारावं लागलं असतं. ते विचारायला आम्ही आता दरवर्षी नव्या वर्गांत जातो. पत्रक वाटत नाही. उभं राहून, मोठ्याने, दोनदा सांगतो.

पुढच्या वर्षी आईने पुन्हा पूजा घातली. या वेळी काका पुतण्याबरोबर आले, गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसले. मी ताम्हन धरलं. त्याने चौरंगाजवळ पोथी ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं, आणि हात मांडीवर घेऊन कथा सुरू केली.

आई माझ्या कानाशी आली. "अगं, पोथी उघडायची राहिली."

काकांनी ऐकलं. "राहिली नाही, वहिनी," ते म्हणाले. "बंदच असते ती आता."

चौथ्या अध्यायात, नाव बुडायच्या बेतात, दाराची घंटा वाजली. आई उठून गेली. सिलिंडरवाला होता, त्याच्याशी बोलणं लांबलं. पुतण्या थांबला. काकांनी सवयीने पहिल्या शब्दासाठी ओठ उघडले आणि मिटले. आई परत येऊन, पदर सावरून नीट बसेपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने पुढचं म्हटलं.